बगळ्याच्या पोटाखाली

बांधकाम खात्यात सव्वीस वर्षं नकाशे काढूनही एखाद्याच्या वाट्याला एकसुद्धा पूल येऊ नये, याला लोक योगायोग म्हणतात. पट्टीकाका त्याला कट म्हणत. पूल नेहमी शेजारच्या टेबलावर जायचे. पट्टीकाकांकडे यायच्या त्या मोऱ्या, म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला पाइप टाकतात ना, त्या. अशा तीनशे अकरा मोऱ्या त्यांनी काढल्या होत्या. त्यांच्यावरून रोज हजारो माणसं जात होती, पण आपण एका उत्तम मोरीवरून चाललो आहोत हे आजवर कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मोरी तुंबली की मात्र नकाशा कोणी काढला याची चौकशी व्हायची.

तर असे हे सदैव खिशात सहा इंची पट्टी बाळगणारे गृहस्थ रविवारी सकाळी दाढी करत असताना वरच्या मजल्यावरची शिट्टीताई दारात उभी राहिली. ही मुलगी एरवी दवाखान्यात लोकांच्या हाडांचे एक्स-रे काढते. मॅचच्या दिवशी ती पूर्वेकडच्या स्टँडमध्ये शिट्टी वाजवते आणि त्या शिट्टीवर चारशे माणसं उठतात आणि बसतात. सख्ख्या मुलांना एका हाकेवर जेवायला बसवणं ज्यांना जमलेलं नाही, त्यांनी हा प्रकार एकदा जाऊन पाहावा.

"काका, आपल्या बगळ्यांचा एक मोठा झेंडा करायचाय. तुम्ही जरा कागदावर काढून द्याल का?"

बगळे म्हणजे आपला क्रिकेटचा संघ. निळा सदरा आणि छातीवर पांढरा बगळा. आठ संघांच्या स्पर्धेत गेली अकरा वर्षं ते आठवे येत होते, आणि नशीब फारच जोरावर असलं तर सातवे. जिंकणाऱ्या संघाला टाळ्या वाजवायला नुसते हात पुरतात; बगळ्यांसाठी छाती लागते. यंदा मात्र या पोरांना काय झालं होतं कोण जाणे, ती लागोपाठ जिंकत सुटली होती. शेवटची साखळी मॅच घरच्या मैदानावर होती. ती जिंकली की बगळे पहिल्यांदाच शेवटच्या चारांत जाणार होते.

"मोठा म्हणजे किती मोठा?" पट्टीकाकांनी अर्ध्या गालावर फेस ठेवूनच विचारलं.

"आपल्या सगळ्या लोकांवर पसरेल एवढा. साठ फूट बाय चाळीस."

साठ फूट. शेजारच्या टेबलावरचा ओढ्याचा पूलसुद्धा चोपन्न फुटांचा होता. पट्टीकाकांनी उरलेला गाल तसाच ठेवला आणि कागद काढला.

इथं एक नाजूक गोष्ट सांगायला हवी. पट्टीकाका बगळ्यांची मॅच पाहायला आजवर सात वेळा मैदानावर गेले होते आणि सातही वेळा बगळे हरले होते. घरी टीव्हीसमोर त्यांनी संघाला जिंकताना पाहिलं होतं, पण टीव्हीवर पाहणं म्हणजे दुसऱ्याचं जेवण काचेतून पाहणं, असं त्यांचं मत. एकदा, फक्त एकदा, मैदानावर बसून आपल्या डोळ्यांनी संघाला जिंकताना पाहायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी बाळगली होती. ती काकूंना माहीत होती. दुर्दैवानं दुसऱ्या मजल्यावरच्या विमावाल्यांनाही ती माहीत होती.

विमावाल्यांना प्रत्येक गोष्टीत धोका दिसतो. तो त्यांचा धंदाच आहे. ते संध्याकाळी येऊन खुर्चीत बसले, नकाशा उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "झेंडा झकास आहे. फक्त माझं एक ऐका, पट्टीकाका. झेंडा पाठवा आणि तुम्ही घरी बसा. सातापैकी सात. अहो, एवढा खात्रीचा आकडा आमच्या धंद्यात मृत्यूचा सोडला तर दुसरा नाही."

 पट्टीकाकांनी फक्त नकाशा सुलटा केला. शिट्टीताईच्या कानावर ही गोष्ट गेली तेव्हा ती जिन्यातूनच म्हणाली, "काका नसतील तर झेंडाही नसेल. आणि सात मॅच हरूनही आठव्याला जो येतो ना, त्याच्यासाठीच आम्ही शिट्टी वाजवतो." त्या दिवसापासून काकूंनी शिट्टीताईला परत करायच्या डब्यात काहीतरी घालूनच तो पाठवायला सुरुवात केली.

नकाशा तीन पानांचा झाला. पान एक, ध्वजाचा दर्शनी भाग. पान दोन, ध्वजाचा छेद, ज्यात एक आडवी रेघ होती. पान तीन, सांध्यांचा तपशील. खाली उजव्या कोपऱ्यात चौकट काढून 'आरेखन' या शब्दापुढे पट्टीकाकांनी आपलं नाव लिहिलं होतं आणि ही चौकट कापडावरही यायला हवी अशी सूचना होती. हे सगळं घेऊन ते इमारतीखालच्या दुकानात टेलरमास्तरांकडे गेले.

मास्तरांनी पान तीनवर बोट ठेवलं. "काका, दर दहा फुटांवर ही वीतभर फट कशाला?"

"एक्स्पान्शन जॉइंट. उन्हानं वस्तू वाढते. जागा ठेवली नाही तर तडा जातो."

"कापड उन्हानं वाढत नाही. पाण्यानं आटतं."

"मास्तर, साठ फुटांचं बांधकाम तुम्ही यापूर्वी केलंय का?"

मास्तरांनी केलं नव्हतं. पट्टीकाकांनीही केलं नव्हतं, पण प्रश्न त्यांनी आधी विचारला होता. शेवटी असं ठरलं की दहा-दहा फुटांचे पट्टे शिवायचे, मध्ये वीतभर फट ठेवायची आणि त्या फटी नाड्यांनी बांधायच्या. मधोमधचा बगळा मात्र अखंड हवा. बगळ्याच्या पोटात फट नको, यावर दोघांचंही एकमत झालं.

दुकान आठ फुटांचं आणि कापड साठ फुटांचं. त्यामुळे मशीनखालून निघालेलं निळं कापड दारातून बाहेर पडायचं, फूटपाथवरून औषधांच्या दुकानापर्यंत जायचं आणि तिथं वळायचं. या जगात चांगली माणसं किती आहेत हे मोजायचं असेल तर रस्त्यात लांबलचक कापड शिवायला काढावं. पोस्टमननं पत्रं खाली ठेवून अर्धा तास टोक धरलं. बँकेत निघालेल्या एक बाई "पाच मिनिटं हं" म्हणून थांबल्या आणि बँक बंद झाल्यावर घरी गेल्या. विरोधी संघाचा एक समर्थकसुद्धा तोंड वाकडं करून का होईना, एक कड धरून उभा होता. मास्तर दहा दिवस गिऱ्हाइकांचे कपडे बाजूला सारून बसले होते आणि कोणी रागावलं तर म्हणत, "तुमची पँट पुढच्या आठवड्यात. बगळ्यांची मॅच याच आठवड्यात." कोणी त्यावर वाद घातला नाही.

मग परवानगीचं घोडं अडलं.

मैदानाच्या कचेरीतल्या खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितलं की सहा फूट बाय चार फुटांपर्यंत असतो तो झेंडा. त्याच्यावर गेलं की नियमात ती 'संरचना' होते. संरचनेसाठी अधिकृत माणसानं काढलेला नकाशा, अग्निशमन विभागाचा दाखला आणि जबाबदार व्यक्तीचं हमीपत्र लागतं. दुसरा कोणी असता तर तिथंच खचला असता. पट्टीकाकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सव्वीस वर्षांत त्यांच्या कामाला कोणी संरचना म्हटलं नव्हतं.

अग्निशमन विभागातल्या साहेबांना कापडाचा नमुना हवा होता. टेलरमास्तरांनी कापून दिला. साहेबांनी तो पेटवून पाहिला आणि कागदावर 'जळतो' असं लिहिलं. मग कापडाला औषध लावून दुसरा नमुना नेला, तर 'हळू जळतो'. तिसरा 'धुमसतो', तो मात्र चालला. नमुन्यांसाठी मास्तरांनी निळं कापड कमी पडू नये म्हणून पांढरं वापरलं होतं, आणि पांढरं फक्त बगळ्यात होतं. तीन नमुन्यांत बगळ्याचा डावा पाय गेला. पट्टीकाका हादरले, पण ज्यानं त्यानं तो एकपायी बगळा पाहून "वा, काय हुबेहूब उभा आहे" असंच म्हटलं, तेव्हा त्यांनी नकाशात तशी दुरुस्ती करून टाकली.

राहिलं हमीपत्र. ते छापील होतं, आठ कलमांचं. सही करून मोकळं व्हायचं. पण कोऱ्या जागेपाशी पट्टीकाकांचा हात थांबत नाही. नकाशात जी गोष्ट महत्त्वाची ती मध्यभागी असते, आणि मध्यभागाहून मॅच दिसतेही छान, असा दुहेरी विचार करून त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात नववं कलम जोडलं: 'ध्वज उघडलेल्या अवस्थेत असताना जबाबदार व्यक्ती ध्वजाच्या मध्यभागी उपस्थित राहील, अन्यथा ध्वज जप्त करण्यास हरकत नाही.' खिडकीवरच्या गृहस्थांना ते इतकं आवडलं की त्यांनी त्याखाली लाल रेघ मारली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण ते कळायला मॅचचा दिवस उजाडावा लागला.

मॅच दुपारची होती. गुंडाळलेला झेंडा खांद्यावर घेऊन पस्तीस माणसं रस्त्यानं निघाली आणि पट्टीकाका पुढे नकाशाची नळी घेऊन. गणित शिकवणाऱ्या आणि क्रिकेटला आजवर 'तुमचं ते' म्हणणाऱ्या काकूसुद्धा एक नाडी हातात धरून आल्या होत्या. "मी तुमच्यासाठी आलेय, त्या पोरांसाठी नाही," असं त्यांनी घरीच स्पष्ट केलं होतं. विमावालेही आले होते, ते म्हणाले, "धोका प्रत्यक्ष पाहावा लागतो."

झेंडा दोन षटकांच्या मध्ये उघडायचा आणि लगेच गुंडाळायचा, असा नियम होता. पाचव्या षटकानंतर शिट्टीताईनं पहिली शिट्टी दिली. चारशे हात वर गेले, निळं कापड सळसळत वरच्या पायरीवरून खाली उतरलं, आणि समोरच्या स्टँडमधून असा आवाज उठला की पट्टीकाकांचा ऊर भरून आला. त्यांनी पाहायला मान वर केली. वर बगळ्याचं पोट होतं.

साठ बाय चाळीसच्या झेंड्याचा मध्यभाग माणसांवर पसरल्यावर कुठं येतो, हे तीनशे अकरा मोऱ्या काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं. ती जागा रस्त्याखालीच येते.

पट्टीकाका झटकन कडेला निघाले, तर बंदोबस्ताचे इन्स्पेक्टर हमीपत्राची प्रत घेऊन वाकून आत आले. "काका, कलम नऊ."

"ते मीच लिहिलंय."

"म्हणून तर म्हणतो," इन्स्पेक्टर नम्रपणे म्हणाले. "दुसऱ्यानं लिहिलं असतं तर मी सोडलं असतं."

यानंतर झेंडा सहा वेळा उघडला आणि सहा वेळा पट्टीकाका त्याखाली बसले. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती, कारण दोन षटकांच्या मध्ये असं काय घडतं? खेळ सुरू झाला की झेंडा गुंडाळला जायचा आणि सगळं दिसायचं. आणि काय ते दिसत होतं. बगळे आयुष्यात खेळले नव्हते असे खेळत होते. पळताना पडत होते, पडल्या जागेवरून चेंडू फेकत होते. हातांना दुखापत झालेला यष्टिरक्षक बोटं बांधून उभा होता. शेवटचं षटक उरलं तेव्हा समोरच्यांना नऊ धावा हव्या होत्या, आपला वेगवान गोलंदाज लंगडत बाहेर गेला होता, आणि चेंडू हातात घेतला तो आजोबांनी. आजोबा म्हणजे बगळ्यांचा एकोणचाळीस वर्षांचा डावखुरा फिरकी गोलंदाज. अकरा वर्षं या संघाबरोबर हरत आलेला हा एकच माणूस. चार संघांनी बोलावलं, तरी कुठं गेला नाही.

आजोबांना पाहून शिट्टीताईला राहवलं नाही. तिनं शिट्टी दिली आणि झेंडा आठव्यांदा उघडला. आणि तेवढ्यात वारा आला.

वाऱ्यानं झेंड्याची खालची कड कठड्याच्या खिळ्यांत अडकवली आणि वरची कड दिव्याच्या खांबाला गुंडाळली. ओढावा तर फाटेल. पंचांनी खेळ सुरू करायची खूण केली. चारशे माणसं निळ्या अंधारात. दोन क्षण गोंधळ झाला, मग कोणाला तरी एक्स्पान्शन जॉइंट सापडले. नाड्या सोडल्या गेल्या आणि दर दहा फुटांवरच्या वीतभर फटींतून माणसांनी रांगेनं डोकी बाहेर काढली. "काका, काय डोकं लढवलंय," असं टेलरमास्तर वरून ओरडले. पट्टीकाकांच्या डोक्यावर मात्र अखंड बगळा होता.

ते उठले. कड पंधरा पावलांवर होती. तिथं काकू नाडी धरून उभ्या होत्या. इन्स्पेक्टर त्यांच्यासमोर आले. या वेळी त्यांच्या हातात कागद नव्हता.

"काका, खेळ चालू असताना झेंडा उघडा आहे. खरं तर मी आत्ता जप्त करायला हवा. तुम्ही मध्यभागी असाल तर मला म्हणता येईल की जबाबदार माणूस जागेवर होता. नसाल तर उद्यापासून या स्टँडमध्ये रुमालसुद्धा आणू देणार नाहीत. तुम्ही सांगा."

आठव्यांदा मैदानावर आले होते ते. संघ जिंकतोय की हरतोय हे सहा चेंडूंत ठरणार होतं, आणि ते पंधरा पावलांवर दिसणार होतं. पट्टीकाकांना पोस्टमन आठवला, बँकेतल्या बाई आठवल्या, दहा दिवस मशीनवर वाकलेले मास्तर आठवले. फार वाईट वाटलं त्यांना. मग ते बगळ्याच्या पोटाखाली परत येऊन पायरीवर बसले.

वर डोकी नव्हती. चारी बाजूंना नुसती धडं आणि पाय होते, निळ्या उजेडात. आठशे पाय. पट्टीकाका त्यांच्याकडे पाहत राहिले, कारण पाहायला दुसरं काही नव्हतं.

पहिला चेंडू. काही टाचा जरा हलल्या आणि परत टेकल्या. "पाचांत आठ," काकूंचा आवाज कडेकडून आला. हिशेब म्हटला की त्यांना राहवत नाही. दुसरा चेंडू. आठशे पायांनी एकदाच पायरीवर थाप दिली. "चारांत आठ." तिसऱ्याला सगळे चवडे उजवीकडे वळले, वळतच गेले, आणि मग पाय असे सैल पडले की पट्टीकाकांना काकूंची गरज लागली नाही. चौकार गेला होता. विमावाल्यांचे तपकिरी बूट, ते नक्की विमावाल्यांचेच, एकमेकांवर चढून बसले होते.

"तिनांत चार," काकू म्हणाल्या.  चौथा चेंडू. "दोनांत तीन." पाचव्याला कोणी हललं नाही. एक चप्पल पायातून निसटली होती आणि ती मालकानं घातली नाही. "एकात तीन," काकू म्हणाल्या आणि त्यानंतर गप्प झाल्या.

मग आवाज फुटला. कापड वर उडालं आणि बगळ्यासकट सगळं पट्टीकाकांच्या अंगावर कोसळलं. कोणी तरी त्यांच्या पाठीवर पडलं, कोणी त्यांच्या पट्टीवर. त्या कल्लोळात विमावाले ओरडताना ऐकू आले, "काकांना काढू नका, पुढच्या मॅचपर्यंत असेच झाकून ठेवा."

बऱ्याच वेळानं एका बाजूनं कापड उचललं गेलं आणि काकू वाकून, जवळजवळ रांगत आत आल्या. केस विस्कटले होते. त्या त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या. बाहेर शिट्टी वाजत होती आणि तिचं कोणीच ऐकत नव्हतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मला बघवेना. शेवटच्या चेंडूला मी डोळे मिटून घेतले. जिंकलो हे कळलं, पण कसं ते दिसलंच नाही. तुम्हाला काही कळलं का इथून?"

पट्टीकाकांनी चष्मा पुसला.

"आजोबांनी हळू टाकला असणार," ते म्हणाले. "कारण पाय खूप वेळ थांबले होते. मग समोरच्या फलंदाजानं उंच मारला. सगळे चवड्यांवर आले. आपल्या बाजूलाच येत होता चेंडू, कारण पुढच्या रांगा मागे सरकल्या. मग एक पाऊल मागे, आणखी एक. मला वाटलं, गेला. आपण हरलो. आठव्यांदा."

"मग?"

"मग कोणीतरी झेल घेतला."

"तुम्हाला कसं दिसलं?"

"दिसलं ना," पट्टीकाका म्हणाले. "माझ्याइतकं स्वच्छ कोणाला दिसलं नसेल. एवढी माणसं होती इथं, आणि जमिनीवर एकसुद्धा पाय नव्हता."